वर्गात यंत्र येते, तेव्हा शिक्षकाने काय शिकावे?

गेल्या काही दशकांत आपल्या भागातील प्राथमिक शाळांमध्ये फळ्याच्या शेजारी अनेक वस्तू येऊन बसल्या. आधी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर आला, मग दूरचित्रवाणी संच, संगणक, प्रोजेक्टर, टॅब. आणि आता तर प्रत्येक शिक्षकाच्या खिशात स्मार्टफोन आहे. २०१५ साली राज्य शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतल्यानंतर गावोगावी लोकवर्गणीतून ‘डिजिटल शाळा’ उभ्या राहिल्या. निवासी शाळांचे माजी विद्यार्थी नोकरीधंद्याला लागले की शाळेत येऊन आपुलकीने विचारतात, “शाळेला काय देऊ?” या प्रश्नाचे उत्तर बहुधा एखाद्या यंत्राच्या नावाने दिले जाते.

त्या देण्यामागील कृतज्ञतेविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि यंत्र आणि मुलाचे शिकणे यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. तो म्हणजे वर्गशिक्षक. तो ते यंत्र कसे आत्मसात करतो, कोणत्या अडचणीसाठी वापरतो आणि केव्हा बाजूला ठेवतो, यावर त्या देणगीचे सार्थक अवलंबून असते. स्मरणिकेच्या या लेखात आम्ही त्याच प्रश्नाचा विचार मांडू इच्छितो.

परितेवाडीने काय शिकवले?

या विषयातील सर्वांत परिचित उदाहरण आपल्याच राज्यातील आहे. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी ‘ग्लोबल टीचर प्राइज’ जाहीर झाले. वार्की फाउंडेशन युनेस्कोच्या सहकार्याने देत असलेल्या या पुरस्काराची रक्कम दहा लाख अमेरिकी डॉलर होती. तिचा निम्मा भाग अंतिम फेरीतील उर्वरित नऊ शिक्षकांमध्ये वाटून देण्याचा निर्णय डिसले गुरुजींनी त्याच वेळी जाहीर केला. ही वार्ता त्या काळी घरोघरी पोहोचली. परंतु त्यांच्या कामाचा जो गाभा होता, त्याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

पुरस्काराच्या निवेदनात नोंदवले आहे की, २००९ साली ते त्या शाळेत रुजू झाले तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली होती, एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला साठवणीची खोली होती. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकाची भाषा वेगळी होती. गुरुजींनी आधी मुलांची भाषा शिकून घेतली, पाठ्यपुस्तकातील मजकूर त्या भाषेत आणला आणि त्यानंतर पुस्तकात क्यूआर कोड बसवून त्यांवर ध्वनिमुद्रित कविता, चित्रफिती, गोष्टी व स्वाध्याय जोडले. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रथम मुलाची अडचण, मग शिक्षकाचे स्वतः शिकणे आणि शेवटी तंत्र! पुढे या प्रयोगाचा प्रस्ताव व पथदर्शी चाचणी होऊन २०१७ मध्ये राज्यातील पहिली ते बारावीच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड देण्याचे जाहीर झाले, आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय पातळीवर एनसीईआरटीच्या पुस्तकांबाबतही तशीच घोषणा झाली.

त्या चौकटीत असते तरी काय?

अनेक पालक आम्हांला विचारतात की, पुस्तकाच्या पानावरील त्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत धडा भरलेला असतो काय? तर तसे नसते. १९९४ साली जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी क्यूआर कोड तयार झाला. त्याच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन कॅमेऱ्याला दिशा दाखवतात. म्हणून पुस्तक उलटे धरले तरी कोड वाचला जातो. उरलेल्या ठिपक्यांत अक्षरे साठवलेली असतात. पाठ्यपुस्तकात ती अक्षरे म्हणजे बहुधा एक पत्ता असतो. फोन तो पत्ता वाचतो आणि इंटरनेटवरून त्या ठिकाणचा धडा आणून दाखवतो.

येथेच शिक्षकाच्या ज्ञानाचा उपयोग होतो. नेटवर्क नसेल तर पत्ता असूनही दार उघडत नाही. परंतु ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या शासकीय उपयोजनातील पुष्कळसे साहित्य आधी उतरवून ठेवता येते आणि नंतर इंटरनेटशिवाय दाखवता येते. तालुक्याच्या गावी गेलेला शिक्षक पुढील आठवड्याचे धडे फोनमध्ये उतरवून आणू शकतो. शिवाय क्यूआर कोडमध्ये पत्त्याऐवजी थेट मजकूरही ठेवता येतो. एखादे कोडे, एखादा प्रश्न किंवा एखाद्या शब्दाचा अर्थ. तो वाचण्यासाठी इंटरनेटची गरज नसते. एवढी माहिती असलेला शिक्षक नेटवर्क नाही म्हणून हात टेकत नाही.

आपल्या जिल्ह्यातील मुले आणि त्यांची भाषा

परितेवाडीचा धडा यवतमाळ जिल्ह्याला विशेष लागू पडतो. आपल्या जिल्ह्यात सोळा तालुके आणि घरोघरी निरनिराळ्या बोली आहेत. केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांतील पोडांवरून येणारे मूल कोलामी बोलत येते. कोलाम ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित मानल्या गेलेल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक होय. गोंड कुटुंबांत गोंडी आहे. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव, उमरखेड या पट्ट्यांतील तांड्यांवर गोरमाटी बोलली जाते. जी मुले घरी मराठी बोलतात, त्यांचीही मराठी वऱ्हाडी वळणाची. पुस्तकातली प्रमाण मराठी तीही शाळेतच प्रथम ऐकतात.

निवासी शाळेत अशी मुले एका बाकावर येतात. पहिलीच्या वर्गात एखादे मूल ‘घार’ या शब्दाला ‘गार’ म्हणते, ‘खाट’ला ‘काट’ म्हणते. घाईत असलेला मोठा माणूस याला हयगय समजतो. वास्तविक कोलामी आणि गोंडी या द्राविड कुळातील भाषा आहेत आणि ख, घ, थ, ध यांसारख्या महाप्राण ध्वनींना त्यांच्या मूळ ध्वनिव्यवस्थेत मराठीइतके स्थान नाही. ज्या फरकाची कानाला सवयच नाही, तो फरक जिभेवर कसा येणार? मुलाला तो शंभर वेळा ऐकायला मिळणे, हाच यावरचा उपाय आहे. एका वर्गात तीस-चाळीस मुले असताना शिक्षकाचा आवाज एका मुलासाठी शंभर वेळा उपलब्ध होऊ शकत नाही. ध्वनिमुद्रणाचा मात्र होऊ शकतो.

त्यासाठी लागणारे साधन प्रत्येक फोनमध्ये असलेले ध्वनिमुद्रक एवढेच आहे. शिक्षकाने ‘गार–घार’, ‘काट–खाट’, ‘ताट–थाट’ अशा जोड्या संथ आणि स्पष्ट आवाजात मुद्रित कराव्यात. चित्र काढता येतील अशा शब्दांची चित्रे पुठ्ठ्यावर काढून मुलासमोर ठेवावीत. मुलाने शब्द ऐकून योग्य चित्र उचलावे. पहिले काही दिवस केवळ ऐकणे आणि ओळखणे. उच्चाराचा आग्रह नंतर. या कृतीला वीज, पडदा, इंटरनेट यांपैकी काहीही लागत नाही. संध्याकाळच्या अभ्यासिकेत वसतिगृहातील मोठी मुलेसुद्धा लहानांकडून ती करवून घेऊ शकतात.

ध्वनिमुद्रणाचा दुसरा उपयोग याहून मोलाचा आहे. शाळेची भाषा मुलापर्यंत जावी, तशीच घरची भाषाही शाळेत यावी. विनयपिटकात एक प्रसंग आहे. दोन भिक्खूंनी बुद्धवचने छंदस् भाषेत बांधण्याची अनुज्ञा मागितली असता भगवंतांनी ती नाकारली आणि ती आपापल्या भाषेत शिकण्यास अनुमती दिली. ज्ञान माणसाच्या भाषेतून माणसापर्यंत जाते, हा विचार आपल्याला नवा नाही. भेटीच्या दिवशी आलेल्या आईने कोलामीत किंवा गोरमाटीत सांगितलेली गोष्ट शिक्षकाने मुद्रित करून घेतली, तर ती वर्गाचे पाठ्यसाहित्य होते. आपल्या आईचा आवाज वर्गात ऐकणाऱ्या मुलाला आपली भाषा लपवण्याची गरज वाटत नाही.

एका फोनवर चाळीस मुले

प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र असल्यावाचून तंत्रशिक्षण होत नाही, हा आणखी एक समज. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा त्याची किंमत आपण पाहिली. कापूस वेचणीला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात फोन असलाच तर एक, आणि तो वडिलांबरोबर कामावर जाणार. अशा घरातील मुलासाठी ऑनलाइन वर्ग भरलाच नाही.

म्हणूनच शिक्षकाच्या एकाच फोनवर चालणाऱ्या पद्धती आपल्या कामाच्या आहेत. ‘प्लिकर्स’ हे त्याचे चांगले उदाहरण. यात प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड मिळते. त्यावर चौकोनी आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना चार पर्याय लिहिलेले असतात. शिक्षक प्रश्न विचारतो. मुलाला जे उत्तर योग्य वाटते ती बाजू वर करून मूल कार्ड धरते. शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कोणाचे उत्तर काय, हे त्याला कळते. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्याने शेजाऱ्याचे पाहून कार्ड फिरवण्यात अर्थ नसतो. याला इंटरनेट लागते, पण फोन एकच पुरतो. ‘समजले का?’ या प्रश्नाला सारा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. मागच्या बाकावरचे जे मूल त्या सुरात सूर मिसळून गप्प बसते, त्याला अपूर्णांक कळलेला नाही, हे त्याच दिवशी कळणे म्हणजे तंत्रज्ञानाचा खरा लाभ.

यंत्र दिले, शिक्षक राहिला

याउलट अनुभवही जगाने घेतला आहे. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही कल्पना घेऊन २००० नंतरच्या दशकात एक मोठी चळवळ उभी राहिली. पेरू देशाने आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तेथील ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने केला. सुमारे पंधरा महिन्यांनंतरही भाषा व गणित यांच्या संपादणुकीत वाढ झाल्याचा पुरावा मिळाला नाही. संगणक वापरणे मुलांना आले. वाचन आणि गणित मात्र होते तेथेच राहिले.

आपल्याकडेही मोडेल या भीतीने कपाटात कुलूपबंद राहिलेले संच अनेकांनी पाहिले असतील. त्याचा दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु यंत्र बसवणारा माणूस तासाभरात बटणे दाखवून निघून गेला, दुरुस्तीची तरतूद नाही आणि बिघाड झाल्यास जबाबदारी शिक्षकाची, अशा स्थितीत कुलूप लावणे हा त्याला शहाणपणा वाटला तर नवल नाही.

शिक्षकाच्या शिकण्याला वेळ हवा

सावित्रीबाई फुले यांनी शाळेत शिकवण्याआधी अहमदनगर येथे मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले होते. शिकवणाऱ्याने आधी शिकावे, ही आपली जुनी परंपरा आहे. शासनानेही ती मान्य केलेली आहे. २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला, २०१९ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी ‘निष्ठा’ प्रशिक्षण सुरू झाले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाकाठी किमान ५० तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी असे म्हटले आहे.

पण प्रशिक्षणात ऐकलेले वर्गात उतरते ते वेगळ्या रीतीने. आमच्या मते त्याचे तीन टप्पे आहेत. शिक्षकाने एका वेळी एकच साधन घ्यावे आणि एकाच धड्यासाठी वापरावे. तो तास एखाद्या सहकाऱ्याने मागे बसून पाहावा. तासानंतर दोघांनी एवढेच विचारावे की, जे खडू-फळ्याने झाले नसते असे यात काय झाले? उत्तर ‘काही नाही’ असे आले तर साधन निःसंकोच बाजूला ठेवावे. बी रुजताना पाहायची असेल तर मातीच बरी, तिची चित्रफीत नव्हे. आणि मुलांची छायाचित्रे व आवाज मुद्रित करणाऱ्याने ते पालकांच्या संमतीवाचून समाजमाध्यमांवर टाकू नयेत, हा विवेकही तंत्रशिक्षणाचाच भाग आहे.

वाचकांना विनंती

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, शाळेला यंत्र देताना त्यासोबत आपला वेळही द्यावा. आपल्यापैकी कोणी संगणक क्षेत्रात आहे, कोणी बँकेत, कोणी वीज मंडळात. वर्षातून चार शनिवार शिक्षकांच्या शेजारी बसून एखादे साधन शिकवणे, बिघडलेला संच दुरुस्त करून देणे, फोनवर एखादी शंका सोडवणे, याचे मोल नव्या पडद्याहून कमी नाही.

पालकांना विनंती अशी की, भेटीला येताना आपली गोष्ट, आपले गाणे, आपल्या शेतातील आणि रानातील शब्द सोबत आणावेत. ते मुद्रित करून ठेवण्यास शिक्षकाचा फोन पुरेसा आहे. आपल्या शाळेत येणारे बरेचसे मूल घरातील पहिले अक्षर गिरवणारे असते. त्याच्यासाठी यंत्र विकत आणता येते. ते यंत्र त्याच्या उपयोगी पाडणारा शिक्षक मात्र आपण सर्वांनी मिळून घडवायचा आहे.