रंगाखालील अस्तर

घर रंगवावयाचें ठरलें म्हणजे घरांतील लहानथोरांचें सर्व लक्ष रंगाच्या छटेकडे लागतें. पिवळा बरा कीं फिकट निळा, या वादांत दिवसचे दिवस निघून जातात. परंतु त्या रंगाखालीं जो पहिला हात द्यावयाचा, त्याचा विचार क्वचितच कोणी करतो. या पहिल्या हातास कोणी अस्तर म्हणतात. बाजारांत त्यास प्रायमर हें नांव आहे. ज्या कुटुंबाची कित्येक महिन्यांची शिल्लक रंगकामांत खर्ची पडली, त्याच्या भिंतींना एका पावसाळ्यांतच पोपडे सुटावे, ही दुःखाची गोष्ट होय. आणि पुष्कळदां तिचें मूळ वरच्या रंगांत नसून खालच्या अस्तरांत असतें. म्हणून विद्यार्थ्यांकरितां व त्यांच्या पालकांकरितां या विषयावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमचें सांगणें थोडक्यांत असें कीं, कोणत्या वस्तूस रंग द्यावयाचा हें पाहूनच प्रायमर निवडावा. त्याचीं कामें तीन: खालच्या पृष्ठभागास घट्ट धरणें, त्याची रंग शोषून घेण्याची हांव भागविणें, आणि वरच्या रंगास बसावयास जागा करून देणें. भिंत, लाकूड व लोखंड यांचे स्वभाव अगदीं भिन्न आहेत. तेव्हां एकाच डब्यानें तिघांचें समाधान होणें शक्य नाहीं.

प्रथम भिंत घेऊं. सिमेंटचा नवा गिलावा फार अल्कधर्मी असतो. तेल व कॉस्टिक सोडा यांपासून साबण होतो, हें वरच्या वर्गांतील मुलांस ठाऊक आहे. नव्या, ओलसर गिलाव्यावर तेलाचा प्रायमर दिला तर भिंतीवरहि तीच क्रिया घडते. तेलाचा साबण बनून थर मऊ पडतो व सुटतो. म्हणून नवा गिलावा निदान चार आठवडे वाळूं द्यावा, आणि त्यावर अल्क सोसणारा, पाण्यांत मिसळणारा सिमेंट प्रायमर लावावा. जुन्या भिंतीवरून तळहात फिरवावा; पांढरी भुकटी लागल्यास ती सफेदी खरडून काढावी. नाहीं तर प्रायमर चुन्यास धरील, परंतु चुनाच भिंतीस धरणार नाहीं.

ओलीची परीक्षाहि सोपी आहे. प्लास्टिकचा एक तुकडा चारी कडांनीं भिंतीस चिकटवून एक दिवस ठेवावा. त्याच्या आंतल्या बाजूस दंव जमलें, तर भिंतींत अजून पाणी आहे असें समजावें. गळकें छप्पर किंवा फुटका नळ यांवर प्रायमर हें औषध नव्हे. आधीं गळती बंद करावी, मग रंगाचा डबा उघडावा.

लाकडास पाणी लागलें म्हणजे त्याचे तंतु फुगून उभे राहतात. यासाठीं दारें-खिडक्यांस बहुधा तेलाचा वुड प्रायमर देतात. तत्पूर्वीं काचकागद नेहमीं रेषांच्या दिशेनें घासावा. गांठींतून राळ झिरपून वर डाग उठतात. तेवढ्या जागीं स्पिरिटमध्यें विरघळविलेल्या लाखेचा हात द्यावा. दाराच्या वरच्या व खालच्या कडा दिसत नाहींत म्हणून रंगारी त्या सोडून देतो. परंतु पावसाळ्यांत ओल तेथूनच आंत शिरते.

लोखंडाचा गंज आधीं खरवडून काढावा आणि त्याच दिवशीं गंजरोधक प्रायमर लावावा. तांबूस रेड ऑक्साइड प्रायमर सर्वांच्या परिचयाचा आहे. झिंक फॉस्फेटचा प्रायमर गंजास अधिक आळा घालतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची गोष्ट मात्र निराळी. साधा तैलरंग जस्ताशीं संयोग पावून तेथेंहि एक प्रकारचा साबण होतो व रंगाचे पापुद्रे निघतात. अशा पत्र्याकरितां मुद्दाम केलेला प्रायमर मागून घ्यावा.

आतां एक गोष्ट पालकांनीं विशेष लक्षांत घ्यावी. पूर्वीं लोखंडास शेंदराचा हात देत असत. शेंदूर म्हणजे शिशाचें संयुग; इतर तैलरंगांतहि शिशाचीं संयुगें घालीत. शिसें लहान मुलांच्या मेंदूस अपाय करतें, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें त्याचें निर्धोक असें कोणतेंहि प्रमाण ठाऊक नाहीं. भारत सरकारनें २०१६ साली नियम करून घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक नसावें असें ठरविलें, व २०१७ च्या नोव्हेंबरपासून तें अंमलांत आणिलें. परंतु जुन्या घरांतील दारांवर जुनाच रंग अद्याप असूं शकतो. तो कोरडा घासूं नये. पाण्यानें भिजवून घासावा, मुलांस त्या खोलींत येऊं देऊं नये, आणि पडलेला चुरा न झाडतां ओल्या फडक्यानें पुसून घ्यावा.

विद्यार्थ्यांनीं एक काम अवश्य करावें. घरीं रंगाची बोलणी सुरू झालीं कीं, कागद-पेन्सिल घेऊन घरभर हिंडावें. नवा गिलावा कोठें, जुनी सफेदी कोठें, लाकूड किती, लोखंड किती, पत्रा किती, हें टिपून तो कागद वडिलांच्या हातीं द्यावा. दुकानांत जातांना तो बरोबर असला म्हणजे, जो डबा पुढें येईल तो उचलण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाहीं.