पारंपरिक चिनी वैद्यकातील दंतशैथिल्याची संकल्पना व चिकित्सा

प्रस्तावना :
थांग राजवटीतील श्रेष्ठ गद्यकार हान यू (७६८–८२४) याने इ.स. ८०३ मध्ये आपल्या दिवंगत पुतण्यासाठी एक शोकलेख लिहिला. वयाची चाळिशीही गाठली नाही, तोच दृष्टी मंदावली, केस पिकले आणि दात हलू लागले, असे त्याने त्यात नमूद केले आहे. गळणाऱ्या दातांवर त्याची एक स्वतंत्र कविताही आहे. एका विद्वानाला ऐन शोकात स्वतःच्या दातांचा उल्लेख करावासा का वाटावा, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला पडतो. पण त्याचे उत्तर वैद्यकाकडे आहे. चिनी विचारानुसार हलणारा दात ही केवळ मुखाची तक्रार नसून देहातील मूळ संचय ओसरू लागल्याची खूण होय. या धारणेचे स्वरूप आणि तिच्यावर आधारलेली चिकित्सा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सैद्धांतिक भूमिका :
साधारणतः हान राजवटीच्या काळात सिद्ध झालेल्या 'ह्वांगदी नेइजिंग' या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात मानवी आयुष्याचे टप्पे सांगितले आहेत. स्त्रीचे आयुष्य सातच्या आणि पुरुषाचे आठच्या पटीत मोजले जाते. मुलीचे दुधाचे दात सातव्या वर्षी, तर मुलाचे आठव्या वर्षी बदलतात. पुरुषाच्या चाळिसाव्या वर्षी वृक्काची 'ची', म्हणजे प्राणशक्ती, क्षीण होऊ लागते. केस गळतात, दात निस्तेज होतात. चौसष्टाव्या वर्षी दोन्ही साथ सोडतात. हान यूची खंत या गणिताच्या पार्श्वभूमीवर वाचावी, म्हणजे तिची तीव्रता कळते. ग्रंथाने दिलेली मुदत संपण्यापूर्वीच त्याचे दात डळमळू लागले होते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'वृक्क' असे भाषांतर केले तरी चिनी वैद्यकातील 'शन' म्हणजे शरीररचनाशास्त्रातील मूत्रपिंड नव्हे. वाढ, प्रजनन, अस्थी व मज्जा यांचे पोषण करणारी ती एक कार्यसंस्था आहे. वृक्क अस्थींचे नियमन करतो आणि दात हा अस्थींचा शेष आहे, असे सूत्र मानले जाते. आपल्याकडे शार्ङ्गधराने दंत हा अस्थीचा उपधातू मानला आहे. हे साम्य लक्षणीय आहे. मात्र तेवढ्यावरून कोणी कोणाकडून उसने घेतले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

दात वृक्काचा असला तरी हिरडी जठराची मानली जाते. जठराची वाहिनी वरच्या दातांत आणि बृहदांत्राची वाहिनी खालच्या दातांत शिरते, असे वर्णन आहे. छिंग काळातील वैद्य ये थिएन्शी (१६६७–१७४६) याने तापाच्या रोगांत दात व हिरड्या पाहून निदान करण्यावर भर दिला, तो याच विभागणीच्या आधारे.

निदान व चिकित्सा :
हिरड्या सुटणे, त्यांतून रक्त वा पू येणे आणि दात हलणे या लक्षणसमूहास 'याश्वेन' अशी जुनी संज्ञा आहे. वैद्य त्यात प्रामुख्याने तीन प्रकार पाहतो. हिरड्या लाल व सुजलेल्या, मुखास दुर्गंधी, तहान व बद्धकोष्ठ असल्यास जठराग्नीचा प्रकोप मानून ली दोंगयुआन (११८०–१२५१) याचे 'छिंगवेइ सान' हे चूर्ण योजले जाते. त्यात कॉप्टिसची अतिशय कडू मुळी मुख्य असते. सूज थोडी, पण हिरड्या आकसलेल्या, कंबर दुखरी आणि कानात नाद असल्यास वृक्कातील 'यिन' क्षीण झाल्याचे समजतात. फिकट हिरड्या व थकवा हे रक्त व 'ची' यांच्या न्यूनतेचे लक्षण होय.

दुसऱ्या प्रकारात 'ल्यूवेइ दिह्वांग वान' ही सहा द्रव्यांची गोळी देतात. तिचा इतिहास मनोरंजक आहे. बालरोगतज्ज्ञ छिएन यी याने प्राचीन आठ द्रव्यांच्या कल्पातून दोन उष्ण द्रव्ये वगळली आणि वाढ खुंटलेल्या बालकांसाठी हा योग सिद्ध केला, तो इ.स. १११९ च्या ग्रंथात नोंदला गेला. बालकाची टाळू भरून यावी म्हणून दिलेले औषध पुढे वृद्धांच्या दातांसाठी वापरले जाऊ लागले. अस्थींची उणीव एकच, असे मानल्यावर वयाचे अंतर उरत नाही.

'गूस्वेइबू' या नेच्याच्या खोडाचा उल्लेखही आवश्यक आहे. इ.स. १५९६ मध्ये छापल्या गेलेल्या 'बेनत्साओ गांगमू'त ते तांब्याच्या सुरीने चिरून, मंद आचेवर काळे होईपर्यंत भाजून, त्याचे चूर्ण दातांवर घासण्याची कृती आहे. सह्याद्रीत झाडांवर वाढणारे बाशिंग याच वनस्पतीच्या प्रजातीतील आहे. सूचिकाभरणात अंगठा व तर्जनी यांमधील 'हगू' आणि घोट्याच्या आतील बाजूचा 'थाइशी' हे बिंदू निवडले जातात.

आधुनिक दृष्टीतून :
आज दंतवैद्यकाला ठाऊक आहे की प्रौढांचे दात बहुधा हिरडीखाली साचलेल्या जिवाणूंच्या थरामुळे व कीटणामुळे हलतात; दाह दीर्घकाळ राहिला की दाताभोवतीचे हाड झिजते. धूम्रपान व मधुमेह ही झीज वाढवतात. कीटण यांत्रिक रीतीने काढल्याशिवाय कोणतेही चूर्ण ती थांबवू शकत नाही. प्राचीन चिनी वैद्याने मुखरोगाचा संबंध सर्व देहाशी जोडला ही त्याची दृष्टी मोलाची आहे. पण दातावर साचणारा मळ त्याच्या सिद्धांतात मध्यवर्ती नव्हता, ही त्याची मर्यादा प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाची वाटते. गूस्वेइबूमधील नारिंजिन या घटकाचा अस्थिपेशींवरील परिणाम प्रयोगशाळांतून अभ्यासला गेला आहे. परंतु परीक्षानळीतील पेशी आणि रुग्णाचा जबडा यांत मोठे अंतर आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. दातदुखीसाठी शतकानुशतके वापरल्या गेलेल्या 'शीशिन' या वनस्पतीत अॅरिस्टोलोकिक आम्ले आढळतात. ती मूत्रपिंडांना घातक आणि कर्ककारक ठरली आहेत. ज्या वृक्काच्या बळावर दात टिकतात असे मानले, त्याच अवयवाला दाताचे औषध अपाय करू शकते, हा विपर्यास अस्वस्थ करणारा आहे. संपूर्ण वनस्पतीऐवजी केवळ मूळ व मूलस्तंभ वापरावे, असा बदल चीनच्या अधिकृत औषधसंहितेने २००५ च्या आवृत्तीत केला. कारण या भागांत त्या आम्लांचे प्रमाण कमी असते.

दात एकमेकांवर आपटण्याच्या व्यायामाविषयीही असेच म्हणावे लागेल. गे होंग (२८३–३४३) याने दात कधीही हलू नयेत म्हणून रोज पहाटे ते तीनशे वेळा आपटावेत, असे सुचविले होते. निरोगी दातांना त्याने फारसा अपाय होणार नाही. ज्या दाताचे हाड आधीच झिजले आहे, त्यावर मात्र अतिरिक्त दाब पडल्यास तो अधिकच सैल होतो. असा दात शेजारच्या दातांना बांधून स्थिर करणे हा दंतवैद्याचा मार्ग आहे.