अभिजनीकरण आणि कल्पित वास्तुकला

शहरातील कष्टकऱ्यांच्या वा अल्प उत्पन्न असणाऱ्यांच्या जुन्या वस्तीत अधिक सधन वर्ग येऊन स्थायिक होणे, त्यामुळे तेथील जमिनीचे व घरभाड्याचे दर वाढणे आणि परिणामी मूळ रहिवाशांना वस्ती सोडून जावे लागणे, ह्या प्रक्रियेस अभिजनीकरण म्हणतात. कल्पित वास्तुकला म्हणजे तातडीने बांधण्याचा हेतू न ठेवता, वास्तूचे किंवा नगराचे संभाव्य अथवा इष्ट रूप चित्रे, आराखडे, प्रतिकृती व लेखन ह्यांच्या द्वारा मांडणारी वास्तुकला होय. इंग्रजीत ह्या वास्तुकलेस लावले जाणारे विशेषण नफ्याच्या आशेने केलेल्या सट्टेबाज बांधकामासही लावतात. मराठीत कल्पना आणि सट्टा हे शब्द भिन्न असल्याने तसा घोटाळा होत नाही. तथापि दोहोंतील साम्य लक्षात घेण्याजोगे आहे : दोन्हींचा विषय अद्याप अस्तित्वात नसलेली इमारत हाच असतो. सट्ट्यात तिच्या भावी किंमतीचा विचार होतो, तर कल्पित वास्तुकलेत तिच्या भावी उपयोगाचा. एकाच जमिनीवर ह्या दोन दृष्टींचा संघर्ष होतो, तेव्हा कल्पित वास्तुकला अभिजनीकरणास दिलेले उत्तर ठरते.

संज्ञा व कारणे : अभिजनीकरण ह्या अर्थाची इंग्रजी संज्ञा समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास (१९१२–९०) ह्यांनी १९६४ मध्ये प्रथम योजिली. लंडनमधील इझ्लिंग्टन व अन्य भागांतील कामगारांची जुनी घरे मध्यमवर्गीय विकत घेऊन दुरुस्त करीत व काही वर्षांतच वस्तीचे सामाजिक स्वरूप पालटे, असे त्यांच्या निदर्शनास आले. पुढे भूगोलज्ञ नील स्मिथ (१९५४–२०१२) ह्यांनी १९७९ मध्ये ह्या घटनेची आर्थिक उपपत्ती मांडली. तीनुसार एखाद्या जमिनीपासून प्रत्यक्ष मिळणारे उत्पन्न व तिच्या अधिक किफायतशीर वापरापासून मिळू शकणारे उत्पन्न ह्यांत मोठी तफावत पडली, की भांडवल त्या वस्तीकडे वळते. म्हणजेच अभिजनीकरणाचे मूळ नवागतांच्या अभिरुचीत नसून जमिनीच्या अर्थकारणात असते. कोणत्याही वास्तुकल्पाची परिणामकारकता तपासताना हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

ऐतिहासिक आढावा : न बांधलेल्या वास्तूंची परंपरा जुनी आहे. फ्रेंच वास्तुशिल्पज्ञ एत्येन-लूई बुले (१७२८–९९) ह्याने न्यूटनच्या स्मारकाची प्रचंड गोलाकार वास्तू १७८४ मध्ये कागदावर रेखाटली. इटलीच्या आंतोन्यो सांत’एल्या (१८८८–१९१६) ह्याने १९१४ मध्ये नव्या नगराची चित्रे प्रदर्शित केली. इंग्लंडमधील आर्किग्रॅम ह्या गटातील पीटर कुक ह्यांचे १९६४ मधील जोडनगर, म्हणजे एका सांगाड्यात घरांचे सुटे भाग बसविण्याची वा काढून घेण्याची सोय असलेले शहर, हे ह्याच परंपरेतील होय.

ह्या परंपरेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. ल कॉर्ब्यूझ्ये (१८८७–१९६५) ह्याने १९२५ मध्ये मांडलेल्या पॅरिसच्या योजनेत सीन नदीच्या उजव्या तीरावरील दाट जुनी वस्ती पाडून तेथे उत्तुंग मनोरे उभारण्याची कल्पना होती. ती योजना अंमलात आली नाही. परंतु जुनी वस्ती म्हणजे पुसून टाकावयाची पाटी, ही तिच्यामागील दृष्टी पुढे अनेक देशांतील नगरसुधारणांत उतरली. तात्पर्य, कल्पित वास्तुकला स्वभावतःच रहिवाशांच्या बाजूची असते, असे मानता येत नाही.

रहिवाशांच्या बाजूने मांडलेल्या पर्यायी आराखड्यांची तीन उदाहरणे उद्‌बोधक आहेत. न्यूयॉर्कमधील कूपर स्क्वेअर येथील वस्ती पाडण्याची सरकारी योजना १९५९ मध्ये पुढे आली, तेव्हा रहिवाशांनी नगरयोजनाकार वॉल्टर थॅबिट ह्यांच्या साहाय्याने १९६१ मध्ये स्वतःचा पर्यायी आराखडा प्रसिद्ध केला. नवीन घरांवर पहिला हक्क तेथील जुन्या रहिवाशांचा राहील, हे त्याचे मुख्य सूत्र होते. दीर्घ लढ्यानंतर तेथील अनेक इमारती सामूहिक न्यासाच्या व्यवस्थेखाली आल्या. लंडनमधील कॉइन स्ट्रीट येथे कचेऱ्यांच्या भव्य संकुलाविरुद्ध रहिवाशांनी घरे, उद्यान व दुकाने ह्यांचा आराखडा मांडला आणि १९८४ मध्ये सु. १३ एकर जमीन त्यांच्याच संस्थेच्या ताब्यात आली. तेथे सहकारी गृहसंस्था उभ्या राहिल्या. बर्लिनच्या क्रॉइझबेर्क भागात हार्ट-वाल्थर हेमर ह्यांच्या मार्गदर्शनाखाली १९७९ ते १९८७ ह्या काळात रहिवाशांना न हलविता जुन्या इमारतींचे जपून नूतनीकरण करण्यात आले. परंतु पुढील दशकांत ह्याच भागात घरभाडी पुन्हा वाढली. ह्या उदाहरणांची तुलना करता, जेथे जमिनीची मालकीच बदलली तेथे आराखड्याचे फळ टिकले, असे दिसून येते.

महाराष्ट्रातील अनुभव : नवी मुंबई हा कल्पित आराखडा प्रत्यक्षात आल्याचा भारतातील प्रमुख दाखला होय. चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५), प्रवीणा मेहता व शिरीष पटेल ह्यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसविण्याची कल्पना १९६४-६५ मध्ये मांडली. मार्ग ह्या नियतकालिकाने १९६५ मध्ये तिला प्रसिद्धी दिली. मुंबईतील जमिनीवरील ताण हलका करणे आणि नव्या शहरातील जमिनीच्या वाढत्या मूल्यातूनच त्याच्या उभारणीचा खर्च भागविणे, असा हा विचार होता. शासनाने १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापन करून सु. ३४४ चौ. किमी. क्षेत्र निश्चित केले. पण कागदावर मोकळी दिसणारी ही जमीन ९५ गावांतील शेतकरी, आगरी, कोळी व मिठागर-कामगार ह्यांच्या उपजीविकेची होती. भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ धारकांना परत देण्याची योजना ही ह्या लढ्याचीच निष्पत्ती होय. कोरिया ह्यांनी बेलापूर येथे १९८३–८६ मध्ये रचलेल्या वसाहतीत सामाईक अंगणांभोवती लहान, पुढे वाढविता येतील अशी घरे होती. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचाही विचार करून रचलेल्या ह्या वसाहतीतील अनेक घरांच्या जागी आज काँक्रीटच्या मोठ्या इमारती उभ्या आहेत.

मुंबईच्या गिरणगावाचा अनुभव ह्याहून वेगळा आहे. लालबाग, परळ, वरळी इ. भागांत ५८ गिरण्यांखाली सु. ६०० एकर जमीन होती. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सु. अडीच लाख कामगार सामील झाले. संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि कापडाच्या उत्पादनापेक्षा त्यांच्या जमिनीचे मोल कितीतरी अधिक झाले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे ठरविले : एक सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व एक मालकासाठी. शासनाने १९९६ मध्ये कोरिया ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या अभ्यासगटाने ह्या जमिनींचे सुटे तुकडे न पाडता त्यांचा एकत्रित विचार करावा, सलग मोकळी मैदाने, घरे, रोजगार व वाहतूक ह्यांची सांगड घालावी, असा आराखडा सादर केला. त्याची अंमलबजावणी झाली नाही. २००१ मध्ये नियमात बदल होऊन वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती मर्यादित झाली. गिरणीच्या इमारती पाडून रिकामी होणारी जागा त्यातून वगळली गेली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये ह्याविरुद्ध दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये फिरविला. मूळ नियमानुसार सार्वजनिक उपयोगासाठी सु. ४०० एकर जमीन मिळू शकली असती. प्रत्यक्षात तिचा अल्पसा भागच हाती आला. गिरण्यांच्या जागी कचेऱ्या, बाजारसंकुले व निवासी मनोरे उभे राहिले. कामगारांच्या घरांसाठी म्हाडाने २०१२ मध्ये ६,९२५ सदनिकांची सोडत काढली, तेव्हा अर्जदारांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती.

वऱ्हाडातील स्थिती : गिरणगावाचा वऱ्हाडाशी निकटचा संबंध आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडच्या कापसाला मोठी मागणी आली. भुसावळ–नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाल्यावर हा कापूस मुंबईकडे वेगाने जाऊ लागला. अमरावती व अकोला ह्या शहरांची घडण ह्याच व्यापाराने केली. अमरावतीचे जुने शहर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेंढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत बांधलेल्या परकोटाच्या आत आहे. नवी वस्ती परकोटाबाहेर, कॅम्प व लोहमार्गाच्या बाजूस वाढली. अकोल्यात मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर असदगडाभोवतीचे जुने शहर व पूर्व तीरावर ताजनापेठ, कचेऱ्या आणि रेल्वेस्थानक अशी विभागणी झाली. बडनेरा, अकोला व अचलपूर येथे कापडगिरण्या निघाल्या. अकोला व अचलपूर येथील गिरण्या १९७४ च्या राष्ट्रीयीकरणानंतर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या आणि पुढील दशकांत बंद पडल्या.

लंडन वा मुंबईच्या अर्थाने अभिजनीकरण ह्या शहरांत क्वचितच आढळते. येथील जुन्या पेठांत सधन कुटुंबे राहावयास येत नाहीत, उलट ती बाहेरच्या नव्या ले-आऊटमध्ये जातात व जुन्या वाड्यांच्या जागी दुकानांचे गाळे होतात. जिनिंग-प्रेसिंगची आवारे बाजारपेठेत सापडल्याने तीही विक्रीस निघतात. वाड्यातील भाडेकरू आणि आवारातील मजूर ह्यांच्या दृष्टीने परिणाम मात्र एकच, तो म्हणजे स्थानांतर. स्मिथ ह्यांची उपपत्ती येथेही उपयोगी पडते. मुंबईत जमिनीच्या उत्पन्नातील तफावत प्रचंड असल्याने तेथील गिरण्या झपाट्याने नाहीशा झाल्या. अकोला-अचलपूरकडे ती तुलनेने कमी राहिली. मुंबईतील फिनले मिल अचलपूर येथे नव्याने उभारण्यात आली, हे ह्याच विषमतेचे द्योतक होय : जमिनीचे मोल मुंबईत आणि कापड वऱ्हाडात. अचलपूरच्या ह्या गिरणीतील उत्पादन २०२० च्या टाळेबंदीत थांबले.

वऱ्हाडातील नझूल जमिनींचा प्रश्नही ह्या संदर्भात महत्त्वाचा आहे. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील शहरांत शासकीय मालकीच्या बिगरशेती जमिनीस नझूल म्हणतात आणि ती मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जात आली आहे. अलीकडे ठराविक रक्कम भरून अशा निवासी जमिनी मालकी हक्काने करून देण्याचे धोरण शासनाने स्वीकारले आहे. पट्टेदारास त्यामुळे स्थैर्य लाभते. परंतु शहराच्या मध्यभागातील भूमीवरील सार्वजनिक स्वामित्व एकदा गेले, की पुढील आराखड्यास आधार उरत नाही. वस्तीच्या इष्ट रूपाचा विचार वऱ्हाडात नवा नाही. तुकडोजी महाराजांनी (१९०९–६८) ग्रामगीतेत आदर्श गावाची सांगोपांग मांडणी केली आहे. मात्र ती गावाची आहे. पेठा, बंद गिरण्या, जिनांची आवारे व नझूल जमिनी ह्यांचा एकत्र विचार करणारी मांडणी ही शहरांची गरज आहे.

मूल्यमापन : कल्पित वास्तुकलेवर मुख्य आक्षेप असा, की ती चित्रातच राहते आणि कधीकधी आकर्षक चित्रांमुळे वस्तीची किंमतच वाढते. हा आक्षेप निराधार नाही. तथापि पर्यायी आराखडा नसेल, तर जे होत आहे तेच अटळ आहे, असा समज रूढ होतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने (१९६६) विकास आराखड्याच्या मसुद्यावर हरकती व सूचना मांडण्याचा हक्क नागरिकांना दिला आहे. मुंबईच्या मसुद्यावर २०१५ मध्ये साठ हजारांहून अधिक हरकती आल्या व तो फेरविचारासाठी मागे घ्यावा लागला. वास्तुकल्पास कायदेशीर वजन येण्याची ही एक वाट आहे. तो जमीन विकली जाण्यापूर्वी मांडला गेला पाहिजे, त्यात आजचे रहिवासी उद्या कोठे राहतील हे नकाशावर दाखविलेले असले पाहिजे आणि जमिनीचे स्वामित्व कोणाकडे राहील ह्याचे उत्तर त्यात असले पाहिजे. कूपर स्क्वेअर व कॉइन स्ट्रीट येथे ह्या अटी बऱ्याच अंशी पूर्ण झाल्या. गिरणगावात आराखडा तयार होता, पण जमीन हातून निसटली. अमरावती व अकोला येथे पुष्कळशी जमीन अद्याप निसटलेली नाही, हे तेथील स्थितीचे वैशिष्ट्य होय.