रागी माल्ट : मोड आलेलेच घ्या!

बेळ्ळंदूरमध्ये राहणाऱ्या मराठी घरात बाळाचे उष्टावण झाले, की शेजारच्या कन्नड आजी हमखास ‘रागी माल्ट’ सुचवतात. आपली नाचणीच ती! मात्र दुकानातले ‘रागी हिट्टू’ म्हणजे नुसते पीठ आणि ‘हुरिहिट्टू’ म्हणजे लाह्यांचे पीठ. दोन्ही पौष्टिक, पण माल्ट नव्हेत. डब्यावरच्या घटकांत साखर पहिली असेल, तर तो डबा बाळासाठी नकोच.

माल्ट म्हणजे मोड आणून, वाळवून दळलेले धान्य. मोड येताना दाण्यात अमायलेज वाढते आणि ते पिष्टाची साखर करते. बिअरसाठी जवाला मोड आणतात ते याचसाठी! बाळाच्या बाबतीत फायदा वेगळा. घट्ट खीर पाणी न वाढवता पातळ होते आणि इवल्याशा पोटात जास्त अन्न जाते.

मग घरी माल्ट कशाचे करावे? जवाची टरफले काढणे जिकिरीचे. ज्वारीच्या कोंबांत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते, ती टाळावी. नाचणीला मोड सहज येतात, शिवाय १०० ग्रॅममध्ये ३४० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम!

नाचणी रात्रभर भिजवून दोन दिवस ओल्या फडक्यात बांधावी, उन्हात वाळवून कोंब चोळून काढावेत आणि अगदी मंद आचेवर परतून दळावी. खरपूस भाजल्यास अमायलेज नष्ट होते. सहा महिन्यांवरच्या बाळाची खीर शिजवून थोडी निवू द्यावी, चमचाभर माल्ट ढवळावे. खीर सैल झाली, की पुन्हा एक उकळी काढावी.