अर्गोनॉमिक्सचं ट्रेनिंग: ‘सरळ बस’ याच्या पुढे नक्की काय शिकवतात?

तुम्ही आयटीत असाल तर जॉइन झाल्यावर पहिल्या महिनाभरात एक ऑनलाइन कोर्स आलाच असेल, ‘वर्कप्लेस अर्गोनॉमिक्स’ नावाचा. पंधरा-वीस मिनिटांचा व्हिडिओ, त्यात काटकोनात बसलेला एक हसरा माणूस, शेवटी दहा प्रश्न आणि एक सर्टिफिकेट. बहुतेक जण तो दुसऱ्या टॅबमध्ये चालू ठेवून आपलं काम करत बसतात. त्यात जे सांगतात ते आईने आधीच सांगून झालेलं असतं: सरळ बस, वाकू नकोस, तो फोन खाली ठेव.

मग यात शिकण्यासारखं काय आहे? आणि काही लोक यात चक्क करिअर कसं करतात?

शब्द ग्रीक आहे. ‘अर्गॉन’ म्हणजे काम, ‘नोमॉस’ म्हणजे नियम. माणसाला कामासारखं वाकवायचं नाही, कामाची मांडणी माणसाला सोयीची करायची, एवढाच अर्थ लक्षात ठेवा. इथेच आईचं आणि ट्रेनिंगचं बिनसतं. ‘सरळ बस’ हा माणसाला दिलेला हुकूम झाला. ट्रेनिंग घेतलेला माणूस विचारतो, स्क्रीन किती खाली आहे? कारण स्क्रीन खाली असेल तर मान खाली जाणारच, तुम्ही कितीही शिस्तीचे असा.

या प्रोफेशनल ट्रेनिंगमध्ये सुरुवातीलाच मोजायला शिकवतात. सगळ्यात प्रसिद्ध पद्धत म्हणजे रूला. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या लिन मॅकअ‍ॅटमनी आणि नायजेल कॉर्लेट यांनी १९९३ मध्ये ती मांडली. एक पानी तक्ता असतो. काम करणाऱ्या माणसाचा बाजूने फोटो घ्यायचा, कोन मोजायचे, गुण द्यायचे. इथे जास्त गुण म्हणजे वाईट, परीक्षेच्या उलट.

एक उदाहरण करूनच बघू. समजा, रत्नागिरीतल्या घरी तुम्ही सोफ्याच्या कडेला बसलाय, लॅपटॉप समोरच्या टीपॉयवर. पाठ २० अंशांपेक्षा जास्त पुढे वाकलेली: ३ गुण. मान धडाच्या रेषेपासून २० अंशांच्या पुढे: पुन्हा ३. दंड २० ते ४५ अंश पुढे: २. कोपर बऱ्यापैकी काटकोनात: १. मनगट जरासं वर वळलेलं: २. पाय जमिनीवर टेकलेत, म्हणून तिथे १. आता ही स्थिती बराच वेळ न हलता ठेवली तर हाताच्या भागाला एक आणि मान-पाठीच्या भागाला एक, असा एकेक गुण वाढतो. हे सगळं तक्त्यातून फिरवलं की शेवटचा आकडा येतो ५. रूलाची पट्टी अशी आहे: १-२ चालेल, ३-४ तपासून पाहा, ५-६ लवकर बदल करा, ७ म्हणजे आत्ताच थांबा.

आता टेबल आणि पाठीला टेकू देणारी खुर्ची घेतली, मान १० ते २० अंशांत आली, दंड अंगाजवळ आले. आकडा होतो ३. मला यातली खरी गंमत इथे वाटते. चांगल्या खुर्चीने पाठीचे गुण उतरतात, पण न हलल्याचा तो वाढीव गुण तसाच बसून राहतो. तीस हजारांची खुर्चीसुद्धा तो काढू शकत नाही, तुम्ही उठलात तरच जातो. खुर्ची विकणारे ही गोष्ट अर्थातच सांगत नाहीत.

हा तक्ता फक्त लॅपटॉपवाल्यांचा आहे असं समजू नका. एप्रिल-मेमध्ये जरा बागेत जाऊन बघा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला बहुतेकांनी पाहिलाय: लांब काठी, टोकाला पातं आणि जाळी. आंबा देठासकट उतरतो, चीक फळावर येत नाही, जमिनीवर आपटत नाही, आणि हाताला येणाऱ्या बऱ्याच फळांसाठी झाडावर चढावंही लागत नाही. उत्तम अवजार आहे. पण झेला धरून वर बघणाऱ्या गड्याला रूला लावून बघा. मान मागे गेलेली, म्हणजे ४, मानेचा मूळ गुण याहून जास्त नसतोच. दंड ९० अंशांच्या वर गेले की तिथेही ४. आपल्या टीपॉयवाल्या मानेपेक्षा ही मान जास्त अडचणीत आहे, फक्त तिच्याबद्दल रील कोणी बनवत नाही.

पेट्या आणि क्रेट उचलण्यासाठी वेगळं गणित शिकवतात. अमेरिकेच्या नायोश या संस्थेचं हे सूत्र १९९१ मध्ये सुधारलं गेलं. सुरुवात २३ किलोंपासून होते: वजन अंगाजवळ, हात कमरेच्या आसपास, अंग न वळवता, कधीतरीच उचलायचं असेल तेव्हाची ही मर्यादा. पुढे प्रत्येक अडचणीला हा आकडा कमी होतो. हात घोट्यापासून जितके सेंटिमीटर पुढे, त्याने २५ ला भागायचं. क्रेट रुंद आहे, हात ५० सेंटिमीटर पुढे गेले, तर २५ भागिले ५० म्हणजे ०.५. मर्यादा लगेच साडेअकरा किलो. क्रेट जमिनीवरून उचलायचा आहे, पकड जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर, तर आणखी ०.८५ ने गुणा. उरले पावणेदहा किलो. समजा भरलेला क्रेट २० किलोंचा आहे, तर मर्यादेच्या दुपटीहून जास्त झालं. दिवसात किती वेळा उचलला, अंग वळवून टेम्पोत ठेवला का, हे अजून धरलेलंच नाही.

यावर उपाय ‘गुडघ्यात वाकून उचल’ हा व्हिडिओ दाखवणं नव्हे. क्रेट जमिनीवर न ठेवता गुडघ्याच्या वर येईल अशा फळीवर ठेवा, अरुंद क्रेट घ्या. आकडे लगेच बदलतात.

लॅपटॉपची मूळ अडचण अशी की स्क्रीन आणि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले आहेत. स्क्रीन डोळ्यांसमोर आणली तर हात वर जातात, कीबोर्ड हाताशी ठेवला तर मान खाली. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस हा पहिला खर्च. लॅपटॉप वर उचलायला स्टीलचा डबा किंवा जुनी पुस्तकं चालतात. आणि खुर्ची उंच होऊन पाय लटकत असतील तर खाली देवघरातला नको, स्वयंपाकघरातला पाट घ्या. पाय लटकण्यात तुमची चूक नाही. बाजारातल्या बऱ्याच खुर्च्यांची मापं भारतीय शरीरं मोजून ठरलेली नाहीत. आपल्या लोकांची मापं देबकुमार चक्रवर्ती यांनी १९९७ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीतून पुस्तकरूपात दिली, डिझाइन शिकणारे आजही ती वापरतात.

हे रीतसर शिकायचं असेल तर मुंबई गाठावी लागते. सायनला केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे. तिथे इंडस्ट्रियल सेफ्टीचा डिप्लोमा चालतो आणि नोकरी करणाऱ्यांसाठी छोटे कोर्सही होतात. लोटे परशुरामसारख्या एमआयडीसीत सेफ्टी ऑफिसर व्हायचं असेल तर हा डिप्लोमा कामाचा. डिझाइनच्या बाजूने यायचं असेल तर पवईला आयआयटीत १९६९ पासून आयडीसी आहे. १९६३ ची नीटी, म्हणजे २०२३ पासूनची आयआयएम मुंबई, तीही पवईलाच, इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगसाठी जुनं नाव. डिप्लोमा-इंजिनिअरिंग केलेल्यांना हा रस्ता आहे हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो: रूलाचा आकडा धोका दाखवतो, आजार ओळखत नाही. बोटांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर तक्ता बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा.

बाकी कोणीही आज घरी करून बघू शकतो. फोटो बरोबर बाजूने घ्या, कॅमेरा खांद्याच्या उंचीवर. फोनच्या एडिटमध्ये कमरेपासून खांद्यापर्यंत एक रेघ आणि खांद्यापासून कानापर्यंत दुसरी काढा. दोन्हींमधला कोन कंपासपेटीतल्या कोनमापकाने स्क्रीनवरच मोजा. फक्त फोटो काढायला घरातल्या कोणाला तरी सांगा आणि कधी काढायचा ते तुम्हाला न सांगता काढू दे. कॅमेरा दिसला की आपण सगळेच सरळ बसतो.