तक्रारीचा प्रश्न होतो तेव्हा

तालुक्याच्या गावी खासदारांचं संपर्क कार्यालय असतं. सकाळी नऊच्या सुमारास तिथे बाकावर येऊन बसावं आणि नुसतं ऐकत राहावं. कुणाच्या नळाला आठ दिवस पाणी नाही. कुणाच्या आईची पेन्शन अडकली आहे. कुणाला ऑपरेशनच्या खर्चासाठी पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीकडे पत्र हवंय. कुणाच्या मुलाचा पासपोर्ट पोलीस तपासणीत अडकून पडलाय. टेबलामागच्या पीएचं पहिलं काम निवडण्याचं. नळाचं काम ग्रामपंचायतीचं, रेशनकार्डाचं तहसीलदारांचं. पोस्ट, रेल्वे, पासपोर्ट, राष्ट्रीय महामार्ग ही कामं मात्र दिल्लीची. तरीही कुणाला हात हलवत परत पाठवत नाहीत. निदान एक पत्र तरी हातात पडतंच.

अशा पत्राला मी कमी लेखत नाही. ज्याचं माणूस खाटेवर आहे त्याला त्या कागदाचा आधार किती वाटतो, हे मी पाहिलेलं आहे. पण पत्राला उत्तर द्यायचं की नाही हे शेवटी घेणाऱ्याच्या मर्जीवर असतं. ज्याला सरकारला उत्तर द्यावंच लागतं, असं एक साधन खासदाराकडे आहे. ते म्हणजे संसदेतला प्रश्न. गावच्या गाऱ्हाण्याचा प्रश्न करणं ही एक कारागिरी आहे, आणि या लेखाचा विषय तीच.

समजा, एक गृहस्थ येऊन म्हणतात, "साहेब, आमच्या स्टेशनवर गाडी थांबायची बंद झाली हो. पोरांचं कॉलेज बुडतंय."

"काका, गाडीचा नंबर सांगा. आणि कधीपासून बंद झाली?"

या दोन प्रश्नांपासून कारागिरी सुरू होते. लोकसभेच्या नियमांप्रमाणे प्रश्न साधारण दीडशे शब्दांत बसायला हवा. त्यात युक्तिवाद चालत नाही, आरोप चालत नाही, उपरोधही चालत नाही. "प्रवाशांवर अन्याय का केला?" असं लिहिलं तर प्रश्न फेटाळला जातो. मग काकांचा संताप बाजूला ठेवून त्याच्या आतली माहिती काढायची आणि ती भागांत मांडायची: (अ) अमुक स्थानकावरील अमुक गाडीचा थांबा कोणत्या तारखेपासून बंद करण्यात आला, (ब) त्यापूर्वीच्या तीन वर्षांत या स्थानकावर दरवर्षी किती तिकिटांची विक्री झाली, (क) थांबा पूर्ववत करण्याबाबत निवेदने मिळाली आहेत काय, असल्यास त्यांवर कोणती कार्यवाही झाली.

यात सगळ्यात कामाचा भाग (ब). थांब्याविषयी रेल्वे मंत्रालयाचं ठरलेलं उत्तर असतं: थांबे देणं ही सतत चालणारी प्रक्रिया आहे आणि ते प्रवासी संख्या व परिचालनाची सोय पाहून दिले जातात. ही वाक्यं इतकी गुळगुळीत झाली आहेत की त्यांत कुठे बोट अडकत नाही. पण तिकिटांचा आकडा छापून आला की बोलायला जागा मिळते. जाणता खासदार प्रश्न लिहिताना अर्धं लक्ष येणाऱ्या उत्तरावर ठेवतो.

पुढे नशिबाचा भाग येतो. प्रश्नाची सूचना किमान पंधरा दिवस आधी द्यायची. मंत्रालयांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाचा वार ठरलेला असतो. एका सदस्याच्या नावावर एका दिवसाच्या यादीत फार तर पाच प्रश्न लागतात आणि त्यांतला तारांकित एकच. क्रम सोडतीने ठरतो. ५४३ सदस्यांच्या सभागृहात रोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं आणि विषय कागदावरच थांबतो. तारांकिताला मंत्र्याने उभं राहून उत्तर द्यायचं असतं. तारांकितांची यादी हिरव्या कागदावर छापायची आणि अतारांकितांची पांढऱ्यावर, अशी लोकसभेची रीत.

अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. नाव पुकारल्यावर सदस्य प्रश्न वाचत नाही, नुसता त्याचा क्रमांक सांगतो. मंत्री म्हणतात, निवेदन सभागृहाच्या पटलावर ठेवलं आहे. खरी लढत त्यानंतरची, पुरवणी प्रश्नांची. मूळ प्रश्न विचारणाऱ्याला दोन पुरवणी प्रश्न मिळतात. हातातल्या उत्तरातला तिकिटांचा आकडा उचलायचा आणि विचारायचं, "एवढे प्रवासी असताना निकष कोणता लावला?" ज्याने सकाळी उत्तर नीट वाचलेलं नाही तो इथे भाषण करतो आणि दोन्ही संधी वाया घालवतो. अशा वेळी मला मतदारसंघातल्या बाकावर बसलेली ती माणसं आठवतात आणि वाईट वाटतं. वीस तारांकितांपैकी तासाभरात तोंडी उत्तर मिळतं ते थोड्यांनाच. सभागृह गोंधळात तहकूब झालं तर एकालाही मिळत नाही. २०२०च्या पावसाळी अधिवेशनात तर प्रश्नोत्तराचा तासच झाला नाही. फक्त लेखी उत्तरं मिळाली.

मंत्र्यांनी "विचाराधीन आहे" किंवा "तपासून पाहतो" असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, विषय गुंडाळला. संसद असं मानत नाही. अशा शब्दांची यादी ठरलेली आहे आणि ते उच्चारले की त्यांची नोंद आश्वासन म्हणून होते. १९५३पासून लोकसभेत शासकीय आश्वासनांची समिती आहे. दिलेला शब्द तीन महिन्यांत पुरा झाला का, हे ती पाहते, आणि झाला नसेल तर मंत्रालयाला मुदतवाढ मागावी लागते. ही समिती फारशी कुणाला माहीत नसते. मला मात्र संसदेतला हा भाग सर्वांत आवडतो, कारण इथे शब्द हवेत सोडून देत नाहीत.

प्रश्नाला जागा मिळाली नाही तर इतर वाटा आहेत. बारा वाजता शून्य प्रहरात तातडीचा विषय मांडता येतो. नियम ३७७ खाली अडीचशे शब्दांपर्यंतचा मजकूर देता येतो, आठवड्यातून एकदा. बोलायला मराठीही चालते, दुभाषे असतात. राहिला स्थानिक विकास निधी. डिसेंबर १९९३मध्ये सुरू झालेल्या या योजनेत आता वर्षाला पाच कोटी मिळतात. खासदार फक्त काम सुचवतो, पैसे खर्च करतं जिल्हा प्रशासन. समाजमंदिरावरच्या पाटीमुळे लोकांना हाच खासदाराचा मुख्य उद्योग वाटतो, हे मला पटत नाही. एका मतदारसंघात सरासरी १७-१८ लाख मतदार असतात. पाच कोटींना त्यांनी भागून पाहावं.

प्रश्नाला किती मोल आहे, हे त्याचा बाजार मांडणाऱ्यांना झालेल्या शिक्षेवरून कळतं. १९५१ साली मुंबईच्या सराफ संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात हु. गो. मुद्गल यांना हंगामी संसदेतून जावं लागलं. चौकशीचा ठराव स्वतः नेहरूंनी मांडला होता. डिसेंबर २००५मध्ये अशाच कारणासाठी अकरा खासदार बडतर्फ झाले.

आणि चिकाटीचं मोल पाहायचं तर कोकण रेल्वेकडे पाहावं. मुंबईहून गावी जायचं म्हणजे बोट, नाहीतर घाटवळणांची एस.टी., असे ते दिवस होते. राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ असे तीनदा निवडून गेले आणि त्यांनी हा विषय लोकसभेत लावून धरला. १८ जानेवारी १९७१ रोजी, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी तिथून मधु दंडवते निवडून आले. ते मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे. १९७१ची धरून सलग पाच निवडणुका त्यांनी तिथूनच जिंकल्या. १९७७मध्ये ते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर त्यांच्याच काळात गाद्या आल्या. रोह्यापर्यंत रूळ पोचायला मात्र १९८६ उजाडलं.

रोह्याच्या पुढे डोंगर, खाड्या आणि पैशांचा प्रश्न. १९८९मध्ये दंडवते अर्थमंत्री झाले आणि मंगळूरला जन्मलेले जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. जुलै १९९०मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची नोंदणी झाली आणि ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. भांडवलात ५१ टक्के रेल्वेचे, २२ महाराष्ट्राचे, १५ कर्नाटकाचे, गोवा आणि केरळचे सहा-सहा. एका मतदारसंघाची मागणी चार राज्यांच्या हिशेबात बसवली तेव्हा ती मार्गी लागली. इतकी वर्षं ती लोकसभेच्या कामकाजात पुन्हा पुन्हा नोंदली गेली नसती, तर अनुकूल मंत्री येऊनही त्यांच्यापुढे ठेवायला काय होतं?

२६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग सुरू झाला तेव्हा नाथ पैंना जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती. दंडवते १९९१ची निवडणूक हरले होते. पुढे मतदारसंघांची फेररचना झाली आणि राजापूर हे नावही लोकसभेच्या यादीतून गेलं. आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग म्हणतात. राजापूर रोड स्टेशनवर गाड्या येतात-जातात. कुठली थांबते, कुठली न थांबता पुढे जाते, आणि जी थांबत नाही तिच्यासाठी कुणीतरी काका सकाळी नऊला निवेदन घेऊन बाकावर बसलेले असतात.