डोंगर निळा का रंगवावा?

वरूडच्या उत्तरेला सातपुड्याच्या रांगा आहेत. संत्र्याच्या बागेच्या कडेला उभे राहून पाहिले, तर जवळची झाडे गर्द हिरवी आणि मागचा डोंगर निळसर दिसतो. चित्रकलेच्या तासाला एका विद्यार्थ्याने तो निळाच रंगवला. ‘डोंगर हिरवा असतो’ असे सांगून आम्ही तो त्याला बदलायला लावला. चूक आमची होती. त्याने पाहिलेले रंगवले होते, आम्ही ठरीव रंग सांगितला.

डोंगरावर हिरवी झाडी असतेच. पण डोंगर आणि आपले डोळे यांच्यामध्ये काही किलोमीटर हवाही असते. हवेचे रेणू सूर्यप्रकाश विखुरतात. तांबड्यापेक्षा निळा प्रकाश सुमारे चौपट विखुरतो आणि डोंगराकडून येणाऱ्या प्रकाशात मिसळतो. म्हणून डोंगर जितका लांब, तितका फिकट व निळसर. उन्हाळ्यात हवेत धूळ असते. तिचे मोठे कण सगळेच रंग जवळजवळ सारखे विखुरतात, त्यामुळे तोच डोंगर पांढुरका, उदास वाटतो. पावसाने धूळ खाली बसली, की तो जवळ सरकल्यासारखा स्पष्ट दिसतो.

म्हणजे निसर्गचित्रातला भाव पुष्कळसा हवेतून येतो. इंग्लंडच्या टर्नर (१७७५-१८५१) यांनी धुके, पाऊस, मावळतीचा उजेड यांनाच चित्राचा विषय केले. आपल्याकडे कोल्हापूरच्या आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी कोटितीर्थ तलावाचा परिसर पुन्हापुन्हा रंगवला.

अशा चित्रांना जलरंग विशेष मानवतात. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून कागदापर्यंत जातो आणि कागदावर परावर्तित होऊन पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. चित्रातला उजेड हा कागदाचाच पांढरेपणा असतो. म्हणून लख्ख उजेडाची जागा कोरी सोडतात.

वर्गात एक प्रयोग करता येईल. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे दोन-चार थेंब टाका. अंधार करून एका बाजूने बॅटरीचा झोत सोडा. पेला बाजूने निळसर दिसेल; पलीकडून पाहिल्यास झोत पिवळा-नारिंगी दिसेल. पहिला आपला डोंगर, दुसरी मावळती.

नंतर मुलांना बाहेर न्या. एकाच निळ्या रंगात तीन डोंगर काढायला सांगा, लांबच्या डोंगरासाठी पाणी अधिक. पण आधी दहा मिनिटे नुसते पाहू द्या. त्या वेळी डोंगराचा रंग आपण सांगू नये.